थोरल्याची वार्ता

आमच्या कल्याणच्या घरी पोटभर पुरणपोळी खायची असेल, तर त्या काळी एकच वाक्य पाठ असावं लागे: "तुमचा थोरला मी पाहिला." एवढं म्हणणाऱ्याला आमचे वडील ओटीवरून हाताला धरून आत आणत, पाय धुवायला ऊन पाणी देववत आणि स्वतः शेजारी बसून तूप वाढायला लावत. कल्याण म्हणजे रेल्वेचा फाटा. एक रस्ता नाशकावरून वर काशीकडे जातो, दुसरा पुण्याकडे. गोसावी, बैरागी, यात्रेकरू आणि यात्रेकरू म्हणवणारे भामटे, सगळे इथे गाडी बदलायला उतरत. स्टेशनावरचा हमालसुद्धा भुकेल्या बैराग्याला आमच्या घराची खूण सांगे. तळ्याच्या पाळीवरून सरळ जा, तिथे एका पेन्शनर कारकुनाचा मुलगा हरवलेला आहे.

हरवलेला तो माझा दादा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. इंग्रजी परीक्षेत तो दुसऱ्यांदा नापास झाला. वडील तेव्हा ठाण्याच्या कचेरीत नोकरीला होते. चार पाहुण्यांसमोर त्यांनी त्याला कुलांगार म्हटलं आणि 'तोंड काळं कर' म्हणाले. दादानं शब्द खरा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरात नव्हता. सहा महिन्यांनी काशीहून एक पत्र आलं: मी सुखरूप आहे, शोध करू नये. त्यानंतर काही नाही.

ते पाहुणे अजून गावात असतानाच वडील सांगू लागले, की थोरला विद्येसाठी काशीला गेला. मी दहा वर्षांचा होतो, 'तोंड काळं कर' हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले होते, आणि तरी पहिल्या वर्षी मलाही वाटू लागलं की दादा विद्येसाठीच गेला असावा. खोटं असं घरात शिरतं. पुढे वय वाढलं, दोन पुस्तकं वाचली, मला ठाण्याच्या शाळेत गणिताच्या मास्तरची नोकरी लागली, आणि मग मात्र त्या बोलण्याचा मला तिटकारा येऊ लागला.

तो तिटकारा मी लपवत नसे. वडिलांची ती चौकशी मी शंभर वेळा ऐकली असेल.

"उंच होता?"

"उंचच, महाराज."

"तसा फार नव्हे. मध्यम."

"हां, मध्यमच म्हणायचा."

"भुवईवर व्रण होता?"

"होता तर! व्रणावरूनच ओळखला."

मग वडील माझ्याकडे विजयी मुद्रेनं बघत. तीस वर्षं कचेरीत साक्षीदारांचे जबाब लिहून घेतलेला हा माणूस. साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालू नये हे त्यांना पक्कं माहीत होतं. कचेरीत असा जबाब कोणी त्यांच्यापुढे आणला असता तर त्यांनी तो टरकावून दिला असता. पण घरी ते स्वतःच प्रश्न विचारत, उत्तरही स्वतःच पुरवत, आणि समोरच्याची मान हलली की गहिवरत. स्वतःशी खोटं बोलणं एकट्याला जमत नाही, त्याला मान हलवणारा कोणीतरी लागतो, हे मी तेव्हा शिकलो. मला ते शहाणपण वाटलं. वडिलांची मला कीव आली नाही, किळस आली. हे मी आज लिहितो, तेव्हाही मनात असंच म्हणत होतो.

खरं सांगायचं तर किळशीखाली आणखी एक गोष्ट होती. मी परीक्षा पास झालो, नोकरीला लागलो, पगार वडिलांच्या हातात ठेवू लागलो, तरी घरात गोड बोलणं सगळं त्या पळून गेलेल्याच्या वाट्याचं. दिवाळीत पहिला पाट त्याचा मांडायचा. आंबा कापला की पहिली फोड त्याच्या नावानं बाजूला. नापास होऊन घर सोडून गेल्याचं एवढं बक्षीस मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलेलं नाही. याला मत्सर म्हणतात. मी मात्र त्याला सत्याची चाड म्हणत असे.

आता वहिनीबद्दल. दादा गेला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. माहेर डोंबिवलीचं, म्हणजे तेव्हा भातशेतांच्या मधली पाच-पन्नास घरं. तिचे वडील तिथले भिक्षुक. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. आमची आई त्यानंतर दोन वर्षांत गेली आणि मला वहिनीनंच वाढवलं. माझ्या तापात ती उशाशी बसली, माझी मुंज झाली तेव्हा मातृभोजनाला आईच्या जागी तीच होती. रोज सकाळी न्हाऊन ती आरशाच्या तुकड्यासमोर बसे, मेण लावून त्यावर कुंकू रेखी, बोटभर मोठं, अगदी गोल. नवरा कुठे आहे हे तिनं कधी कोणाला विचारलं नाही. एखादा बैरागी येऊन जेवायला बसला की ती दाराआड उभी राही, आणि तो गेला की उष्टं काढून शेण लावी.

आणि एक रूढी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गेलेल्या माणसाची बारा वर्षं काही वार्ता नसेल तर तो मेला असं आमच्यात धरतात. पळसाच्या तीनशे साठ पानांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, त्याला अग्नी देतात, आणि त्याच्या बायकोला विधवा करतात. तिचं कुंकू पुसायचं, केस उतरवायचे. बारा वर्षं मोजायची ती शेवटच्या वार्तेपासून. म्हणजे अकराव्या वर्षी जरी कोणी म्हणालं, 'मी त्याला पाहिलं', तरी मोजणी पुन्हा एकापासून सुरू.

हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दरवर्षी पक्षपंधरवड्यात आईच्या श्राद्धाला आमचे उपाध्याय येत, आणि संकल्पाला बसण्याआधी विचारत, "यजमान, थोरल्यांची काही वार्ता?" वडील सांगत, अमक्या महिन्यात तमक्या गोसाव्यानं त्याला त्र्यंबकेश्वरात पाहिला. उपाध्याय म्हणत, "मग प्रश्नच नाही," आणि दर्भ हातात घेत. दहा-बारा वर्षं मी हे ऐकत आलो होतो. आणि तरी त्या दिवशी मला ते आठवलं नाही, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत होतो. बारा आणि दोन चौदा एवढा हिशेब गणिताच्या मास्तरला आठवला नाही!

तो दिवस अविधवा नवमीचा. दादाला जाऊन चौदावं वर्ष सरत आलं होतं. माझी बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी होती, त्यामुळे सगळा स्वयंपाक वहिनीनं एकटीनं केला होता. ब्राह्मण जेवून उठले होते, उपाध्याय ओटीवर विडा जुळवत बसले होते, वडील प्रसन्न होते. इतक्यात एक गोसावी आला. चांगला गुबगुबीत, अंगाला राख, डोळ्यांत लबाडी. "थोरला महाराज मिला था," म्हणाला. कुठे, तर उज्जैनीला.

वडील प्रश्न विचारणार, तेवढ्यात मी म्हणालो, "थांबा बाबा, आज मी विचारतो."

"विचार ना," वडील म्हणाले. मी आपण होऊन या गोष्टीत रस घेतला याचा त्यांना आनंद झाला, तो चेहऱ्यावर दिसला.

मी गोसाव्याला म्हणालो, "आमच्या दादाच्या डाव्या हाताला सहा बोटं होती. पाहिलीत?"

"देखा ना, बाबा! छे उंगली. उसीसे तो पहचाना."

मी हसलो. मोठ्यानं हसलो. मग उभा राहिलो आणि शाळेत फळ्यासमोर बोलतो तसा बोललो. दादाला पाचच बोटं होती हे सांगितलं. आजवरचा प्रत्येक बैरागी असाच होता हे सांगितलं. कोणाला वडिलांनी कुठला प्रश्न विचारला आणि उत्तर कसं तोंडात घातलं, ते एकेक करून सांगितलं. चौदा वर्षांत काशीच्या त्या पत्राखेरीज एकही खरी वार्ता आलेली नाही, आम्ही सगळे स्वतःला फसवत आलो आहोत, आणि निदान मला तरी याची लाज वाटते, असं म्हणून मी खाली बसलो. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण त्या वेळी मला वाटलं, आयुष्यात प्रथमच मी माणसासारखा वागलो.

 उपाध्यायांनी विडा तसाच तबकात ठेवला.

"मास्तर," ते म्हणाले, "झाकली मूठ होती. मी ऐकलं नसतं तर बरं झालं असतं. आता ऐकलं."

आणि ते बोटांवर मोजू लागले.  दारामागे बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. मला कळलं ते तेव्हा. कळलं असं म्हणतो, पण ते नवीन कळणं नव्हतं. माहीत असलेलंच समोर येऊन उभं राहिलं होतं.

गोसावी पोबारा करत होता. वडील त्याच्यामागे उघड्या अंगानं गल्लीत गेले. मीही गेलो, त्यांना आणायला. त्यांनी पानावरचे वडे फडक्यात बांधून त्याच्या हातात दिले होते आणि त्याला विचारत होते, "सहा बोटं जाऊ दे रे. पण कुठे तरी पाहिला असशीलच ना?"

परतताना त्यांनी मला पाहिलं. म्हणाले, "तुला सहा बोटं सुचली. तिचं कपाळ नाही सुचलं?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. गोसावी भामटे आहेत, प्रश्न आपण पुरवतो आहोत, हे सगळं त्या जुन्या कारकुनाला ठाऊक होतं, सुनेच्या कुंकवासाठी ते ठरवून चाललेलं होतं. आणि तरीही त्याच भामट्याला ते गल्लीत काकुळतीनं विचारत होते. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात नांदत होत्या, एका घरातल्या अबोला धरलेल्या जावांसारख्या. मी मात्र त्यांना इतकी वर्षं मूर्ख समजत आलो.

उपाध्याय वाईट माणूस नव्हते. त्यांनी आठ दिवस टाळाटाळ केली. पण त्या दिवशी ओटीवर आणखी दोघे ब्राह्मण होते, आणि कल्याणमध्ये दोघांनी ऐकलेलं तिसऱ्याला कळायला पायरी उतरावी लागत नाही. लवकरच निरोप आला, की हे घर विधी करत नाही तोवर इथे पाणी प्यायलाही कोणी येणार नाही. ज्या लोकांनी दहा वर्षं आमच्या गोसाव्यांच्या गोष्टी चवीनं ऐकल्या होत्या, त्यांनाच आता एकाएकी शास्त्र आठवलं.

अग्नी द्यायचा धाकट्या भावानं, म्हणजे मी. पानं सांगितली ती मानपाड्याकडच्या एका आगरी शेतकऱ्याला. तो दोन भारे डोक्यावरून उतरवून घाम पुसत म्हणाला, "एवरी पानां? लगीन कोनाचा हाय, मास्तर?"

"आहे एकाचं," मी म्हणालो.

"मंग आमाला बी जेवाला बोलवा."

त्याला खरं सांगायला माझी जीभ उचलली नाही. पंधराच दिवसांपूर्वी सत्यासाठी उभा राहिलेला तो मीच.

पुतळा जाळला. वहिनी रडली नाही. त्या सगळ्या दिवसांत ती एकदाच बोलली, तेही भाजी निवडताना, मान वर न करता: "भावोजी, तुम्ही मोठे झालात तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. म्हटलं, आता हा घर सांभाळील." तिच्या आवाजात राग असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. राग नव्हता.

दहाव्या दिवशी मी तळ्यावर पिंड द्यायला बसलो होतो. त्याच वेळी घरी परसदारी न्हावी आला होता. मी त्याला अडवणार होतो. माझं भाषणही तयार होतं: केस उतरवायला माझा विरोध आहे, हवं तर वाळीत टाका. पिंडाला कावळा लगेच शिवला. मला केवढं हायसं वाटलं! म्हटलं, दादा खरोखरच गेला, त्याचा आत्मा आला, म्हणजे जे झालं ते योग्यच झालं. विज्ञान वाचलेला मी, कावळ्याची साक्ष काढत होतो. आमच्या तळ्यावरचे कावळे माणसाच्या हातातला भातसुद्धा सोडत नाहीत.

विधी तासाभरात आटोपला. मी दुपार कलेपर्यंत पायरीवर बसून राहिलो. घरी आल्यावर म्हणालो, "विधी फार लांबला हो, नाहीतर मी न्हाव्याला पाऊल ठेवू दिलं नसतं." वहिनी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती. विधवेचं लाल आलवण डोक्यावरून इतकं पुढे ओढलेलं, की ती केवढीशी आहे हे मला प्रथमच दिसलं. वडील म्हणाले, "बरं."  थोड्याच दिवसांत मला खरोखरच आठवू लागलं, की विधी लांबला होता. उपाध्यायांची मंत्रांत चूक झाली, पुन्हा म्हणावे लागले, असा तपशीलही मी त्यात भरला. गोसाव्याची कला मला उत्तम साधली होती, फक्त पुरणपोळी मिळत नव्हती.

पण तीही मिळाली. माघात ठाण्याच्या एका वाचनालयात केशवपनाच्या चालीवर व्याख्यान ठेवलं होतं, आणि बोललो मी. असं बोललो, की पुढच्या रांगेतल्या एका वकिलानं उपरण्यानं डोळे टिपले. 'माझ्याच घरात, माझ्या विरोधाला न जुमानता' असे शब्द मी वापरले. टाळ्या पडल्या. नंतर फराळ झाला. संध्याकाळच्या गाडीनं परतलो तेव्हा माझी छाती फुगलेली होती. घरी वहिनीनं ताट वाढलं आणि ती दिव्याच्या उजेडातून बाजूला सरकली. माझी बायको बाळाला घेऊन परतली होती, ती माझ्याशी महिनाभर धड बोलली नाही. मी ते तिचं अडाणीपण समजलो.

चैत्रात, एका रविवारी दुपारी, टपालवाला आला. वडील आत झोपले होते. मी ओटीवर मुलांच्या वह्या तपासत होतो. नव्या तऱ्हेचं एक पैशाचं कार्ड, माझ्या नावावर, जबलपूरहून. सहाच ओळी होत्या. इथे रेल्वेत बरी जागा आहे. बारा गावं हिंडलो, आता थकलो. बाबांचा राग उतरला आहे काय, ते तू आधी गुपचूप कळव. सौभाग्यवतीला न्यायला यावं असं मनात आहे, तुझ्या उत्तराची वाट पाहतो. आणि वर, जिथे 'चिरंजीव' लिहून माझं नाव यायचं, तिथे माझ्या लहानपणीचं ते चिडवायचं नाव होतं, जे घरात दादाखेरीज कोणी घेत नसे.

मी कार्ड तीनदा वाचलं. अशी नावं शेजारपाजारी कळतात. गोसाव्यांना काय, सगळं कळतं. जेवणाऐवजी आता मनीऑर्डर उकळायचा हा नवा डाव असणार. आणि समजा नसला, तरी आता त्याचा काय उपयोग? ज्याचे पिंड झाले, त्यानं येऊन करायचं काय? वहिनीला त्याच्यासमोर कसं उभं करायचं? तिच्या जिवाला तो केवढा धक्का! न सांगण्यातच तिचं भलं होतं. एकामागून एक सगळी कारणं आपोआप आली, मला शोधावी लागली नाहीत.

वहिनी परसातून आली. "कोणाचं पत्र, भावोजी?"

"शाळेचं."

"उत्तर धाडायचं आहे?"

"नाही."

"मग लागणार नसेल तर द्या इकडे. न्हाणीतली चूल धुमसते आहे, पेटत नाही."

मी दिलं. तिनं ते उलटसुलट पाहिलं, कारण तसलं कार्ड तिनं कधी पाहिलं नव्हतं, आणि न्हाणीत जाऊन वाकून चुलीत घातलं. फुंकणीचा आवाज आला. थोड्या वेळानं ती म्हणाली, "पाणी तापतंय हो."

आता वडील नाहीत. वहिनीही दोन वर्षांमागे गेली. जबलपूरहून पुन्हा काही आलं नाही. वर जे जे लिहिलं त्यात मी स्वतःला कुठे पाठीशी घातलेलं नाही, हे वाचणारा कबूल करील. म्हणूनच एवढं शेवटचं मी सांगतो त्यावर विश्वास ठेवावा. हे लिहायला बसण्याआधी पुन्हा एकदा नीट आठवून पाहिलं. ते अक्षर दादाचं नव्हतं.